काढून घेतलेल्या बंदुका

1955 च्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या घरी येणारे वर्तमानपत्र राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालाने भरलेले असे. बेळगाव कोणत्या राज्यात जाणार, या एकाच प्रश्नाने तेव्हा गावातली ओसरी, दुकानाची फळी आणि देवळाचा कट्टा व्यापलेला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज दिवेलागणीनंतर आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवीत. आजीला अक्षरओळख नव्हती. पण ऐकलेले ती विसरत नसे. त्या संध्याकाळी ती सूप घेऊन जोंधळे निवडत बसली होती. अहवालाच्या बातम्या संपल्यावर अण्णांनी आतल्या पानावरचा एक लहानसा मजकूर वाचला. पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य उभे राहत असून पहिल्या शंभरेक जणांना नेमणुकीची पत्रे देण्यात आली, असे त्यात म्हटले होते.

आजीचे हात थांबले. “आपल्या बापूला मारलं ती जर्मनी?” तिने विचारले.

“तीच. म्हणजे तिचा अर्धा भाग,” अण्णा म्हणाले.

“आणि बंदुका कोण देतंय?”

“अमेरिका, इंग्रज. ज्यांनी काढून घेतल्या तेच.”

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “परत द्यायच्याच होत्या, तर काढून कशाला घेतल्या रं?”

अण्णांना उत्तर सुचले नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि आजीचे सूप पुन्हा हलू लागले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

बापू हे माझे थोरले काका. ते मराठा पलटणीत होते आणि 1943 च्या हिवाळ्यात इटलीत, सांग्रो नदीच्या परिसरात पडले. ज्या हिंदी सैनिकांच्या देहांना अग्नी दिला गेला, त्यांची नावे तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत काकांचेही आहे. आजीला मिळाली ती एक तार, एक पदक आणि पेन्शन. ती सैन्यावर रागावलेली नव्हती. आमचे घर कँपपासून दहा मिनिटांच्या अंतरावर. पहाटे मराठा केंद्रातला बिगुल ऐकू आला की ती हात जोडी आणि मगच चूल पेटवी. तेव्हा तिच्या प्रश्नात शस्त्रांविषयीचा तिटकारा नव्हता. तिला हिशेब हवा होता. मुलगा देऊन जे मिळवले, ते दहा वर्षांत परत कसे केले, एवढेच तिला विचारायचे होते.

पुढे मी तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. जर्मनीच्या फेरशस्त्रीकरणाचे प्रकरण दरवर्षी एका तासात उरकता येण्यासारखे होते, पण मला ते कधी उरकता आले नाही. फळ्यावर 1955 हा आकडा लिहिला की आजीचे थांबलेले हात दिसत.

हरलेल्या राष्ट्राची शस्त्रे काढून घेणे ही कल्पना 1945 सालची नव्हे. 1919 च्या व्हर्सायच्या तहाने ती एकदा अमलात आणून पाहिली होती. जर्मन भूसेनेवर एक लाखाची मर्यादा घातली गेली. रणगाडे, विमाने, पाणबुड्या यांवर बंदी आली, सक्तीची लष्करभरती बंद झाली. कागदावर याहून कडक तह कल्पिता आला नसता. पण त्या तहाने मोजली ती माणसे आणि हत्यारे. त्या एक लाख माणसांच्या मनात काय आहे, ती कुणाला आपला धनी मानतात, हे त्याने विचारले नाही. उरलेले सैन्य जुन्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिले. प्रजासत्ताकाची नोकरी ते करीत, पण त्या प्रजासत्ताकाला आपले मानीत नसत. तहाची बंधने चुकवण्यासाठी त्यांनी ज्याला एरवी शत्रू म्हटले असते त्या सोव्हिएत रशियाशी संधान बांधले. लिपेत्स्क येथे जर्मन वैमानिक आणि कझानजवळ रणगाड्यांचे अधिकारी गुपचूप शिकू लागले. लोकसभेला जे ठाऊक नाही ते सैन्याला ठाऊक, अशी स्थिती झाली. राज्याच्या पोटात दुसरे राज्य वाढले.

मग 2 ऑगस्ट 1934 रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि त्याच दिवशी या सैन्याने नवी शपथ घेतली. ती राज्यघटनेच्या नावाने नव्हती, हिटलर या व्यक्तीच्या नावाने होती. पुढच्या मार्चमध्ये सक्तीची भरती पुन्हा सुरू झाली. जूनमध्ये ब्रिटनने जर्मनीशी आरमारी करार केला आणि ब्रिटिश आरमाराच्या 35 टक्के एवढे आरमार बांधण्याची मुभा दिली. व्हर्सायचा तह मोडल्याबद्दल जाब विचारायचा, तर ब्रिटनने त्याच मोडतोडीवर स्वतःची सही केली. हरलेल्याला शस्त्रे देण्याचा हा पहिला प्रकार. यात देणारा हे जाणून देत नाही. तो फक्त डोळेझाक करतो आणि डोळेझाकीला व्यवहार म्हणतो. बापूकाकांच्या मृत्यूचा धागा मागे नेला तर तो या 1935 च्या कागदापर्यंतही पोचतो.

1945 मध्ये म्हणून जेत्यांनी काही शिल्लक ठेवायचे नाही असे ठरवले. पॉट्सडॅमच्या परिषदेने जर्मनीचे संपूर्ण नि:शस्त्रीकरण जाहीर केले. सैन्य, त्याचे मुख्यालय, त्याच्या शाळा, माजी सैनिकांच्या संघटना हे सारे बरखास्त झाले. आणि जर्मन जनतेलाही आता बंदूक नको होती. घरोघरी कुणीतरी परतले नव्हते आणि शहरे विटांच्या ढिगाऱ्यांखाली होती. 1949 च्या निवडणुकीच्या वेळी फ्रान्झ जोसेफ श्ट्राउस नावाचा तरुण पुढारी सभांतून सांगत असे की, जो पुन्हा बंदूक हाती घेईल त्याचा हात झडो. हाच श्ट्राउस 1956 मध्ये पश्चिम जर्मनीचा संरक्षणमंत्री झाला. वर्गात हे सांगितले की मुले हसत. मी मात्र त्यांना सांगे की हसण्याआधी मधल्या सात वर्षांचा हिशेब पाहा.

त्या सात वर्षांत जग दुभंगले होते. 25 जून 1950 रोजी कोरियात युद्ध पेटले. फाळणी झालेल्या एका देशाचा उत्तर भाग दक्षिण भागावर चालून गेला, हे पाहताच सगळ्यांच्या नजरा फाळणी झालेल्या दुसऱ्या देशाकडे वळल्या. एल्ब नदीच्या पलीकडे सोव्हिएत फौजा होत्या. अलीकडे त्यांना थोपवायला पुरेशी माणसे नव्हती, आणि जर्मन माणसे तर हातावर हात ठेवून बसली होती. अमेरिकेने हिशेब मांडला. पश्चिम जर्मनीचे चान्सेलर आडेनाउअर यांनीही आपला हिशेब मांडला. ज्या देशाचे सार्वभौमत्व काढून घेतले आहे, त्याच्याकडे देण्यासारखे एकच उरते, ते म्हणजे त्याची माणसे. सैनिक द्यावे आणि सार्वभौमत्व परत घ्यावे, असा त्यांचा सौदा होता. ऑगस्ट 1950 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या उच्चायुक्तांकडे तसा प्रस्ताव पाठवला, तोही आपल्या मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता. गृहमंत्री गुस्टाव हाइनेमान यांनी या प्रश्नावर राजीनामा दिला. पराभूत देशाने आपल्यावर कोसळलेला न्याय समजून घ्यावा, लगेच शस्त्राला हात घालू नये, अशी त्यांची धारणा होती. ते एकटे पडले. पुढे 1969 मध्ये हेच हाइनेमान त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, ही त्या देशाच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

सैन्य उभे करायचे तर अधिकारी हवेत, आणि अनुभवी अधिकारी होते ते सारे हिटलरच्या सैन्यात काम केलेले. ऑक्टोबर 1950 मध्ये त्यांपैकी काही जण हिमेरोडच्या मठात गुपचूप जमले आणि त्यांनी भावी सैन्याचा एक आराखडा लिहिला. त्यात किती तुकड्या आणि किती रणगाडे हे तर होतेच, पण त्याबरोबर काही अटीही होत्या. जर्मन सैनिकाची बदनामी थांबली पाहिजे. ज्यांनी केवळ हुकूम पाळले म्हणून शिक्षा भोगत आहेत असे त्यांचे म्हणणे होते, त्यांचा प्रश्न सुटला पाहिजे. जानेवारी 1951 मध्ये आयझेनहॉवर जर्मनीत आले. ज्यांनी या सैन्याचा पराभव केला, तेच सेनानी आता म्हणाले की हिटलर व त्याची टोळी निराळी आणि सामान्य जर्मन सैनिक निराळा. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या उच्चायुक्तांनी लांड्सबेर्गच्या तुरुंगातल्या अनेक युद्धगुन्हेगारांच्या शिक्षा कमी केल्या. उद्योगपती आल्फ्रेड क्रुप सुटून बाहेर आले.

फेरशस्त्रीकरणाची मोठी किंमत मला इथे दिसते. रणगाड्याचे पैसे अंदाजपत्रकात दिसतात, पण ही किंमत तिथे दिसत नाही. शत्रूला मित्र करण्याची घाई झाली की प्रथम त्याची स्मृती धुवावी लागते. सैन्य स्वच्छ होते, पाप तेवढे हिटलरचे आणि त्याच्या काळ्या गणवेशातल्या लोकांचे, ही समजूत पुढची चाळीस वर्षे टिकली, कारण ती जेत्याला आणि पराभूताला सारखीच सोयीची होती. 1995 मध्ये हांबुर्गच्या एका संशोधन संस्थेने पूर्व आघाडीवरच्या त्या सैन्याच्या अत्याचारांचे छायाचित्र-प्रदर्शन मांडले, तेव्हा जर्मनीत गदारोळ उठला. मोर्चे निघाले, घराघरांत म्हाताऱ्या बापाला मुलांनी प्रश्न विचारले. जो जाब 1951 मध्ये बाजूला सारला होता, तो व्याजासह समोर आला. आजीला हे कळले असते तर तिने म्हटले असते की हिशेब बुडत नाही, तो फक्त पुढच्या पिढीच्या नावावर चढतो.

सर्वांत अवघड अवस्था होती ती फ्रान्सची. सत्तर वर्षांत तीन वेळा ज्याच्या फौजा आपल्या भूमीवर आल्या, त्या शेजाऱ्याला पुन्हा शस्त्र द्यायचे, आणि न द्यावे तर अमेरिकेचा रोष. म्हणून पंतप्रधान प्लेव्हाँ यांनी ऑक्टोबर 1950 मध्ये एक युक्ती काढली. जर्मन सैनिक असोत, पण जर्मन सैन्य नसावे. सहा देशांचे मिळून एक युरोपीय सैन्य करावे, जर्मन तुकड्या त्यात विरघळून जाव्यात. 27 मे 1952 रोजी पॅरिसमध्ये तसा तह झाला. पण या युक्तीत एक अडचण होती. जर्मन सैन्य विरघळवायचे तर फ्रेंच सैन्यही विरघळणार. दुसऱ्याचे हात बांधण्याच्या दोरीत आपलेही हात अडकतात, हे फ्रेंच लोकसभेला हळूहळू उमगत गेले. इंडोचायनात फ्रान्सचा पराभव झाला होता आणि स्वाभिमान दुखावलेला होता. 30 ऑगस्ट 1954 रोजी 319 विरुद्ध 264 मतांनी फ्रेंच लोकसभेने हा तह, जो मुळात फ्रान्सचीच कल्पना, गाडून टाकला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत दुसरा मार्ग निघाला. 23 ऑक्टोबर 1954 च्या पॅरिस करारांनी पश्चिम जर्मनीला सरळ नाटो संघटनेत घेण्याचे ठरले. बदल्यात जर्मनीने आपल्या भूमीवर अण्वस्त्रे, जैविक आणि रासायनिक अस्त्रे बनवणार नाही असे लिहून दिले. ब्रिटनने फ्रान्सच्या समाधानासाठी आपल्या फौजा युरोपच्या भूमीवर ठेवण्याचे वचन दिले. मे 1955 मध्ये पश्चिम जर्मनी नाटोची सदस्य झाली आणि अवघ्या काही दिवसांत, 14 मे रोजी, सोव्हिएत रशियाने वॉर्सा करार केला. पुढच्या वर्षी पूर्व जर्मनीनेही आपले सैन्य उघडपणे उभे केले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांना सैन्य असावे की नसावे हा प्रश्न होता. आता दोन जर्मन सैन्ये झाली आणि ती एकमेकांसमोर उभी राहिली. मार्च 1952 मध्ये स्टालिनने एकसंध, तटस्थ जर्मनीचा प्रस्ताव पाठवला होता. तो प्रामाणिक होता की डाव होता, यावर इतिहासकारांचे वाद आजही चालू आहेत. प्रस्ताव मात्र तपासून पाहिला गेला नाही. शस्त्र घेण्याची निवड ही फाळणी पत्करण्याचीही निवड होती, आणि ती निवड पूर्वेकडच्या सुमारे पावणेदोन कोटी जर्मनांना न विचारता झाली. सीमेवर राहणाऱ्या माणसाला या ओळीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इथवर वाचून वाटेल की आजीचेच बरोबर होते. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या बातमीने आजीचे हात थांबवले, ती 12 नोव्हेंबर 1955 ची होती. बॉनच्या एका बराकीत 101 स्वयंसेवकांना नेमणूकपत्रे दिली गेली. दिवस निवडला होता तो शार्नहोर्स्ट यांच्या जन्माच्या द्विशताब्दीचा. नेपोलियनकडून हरलेल्या प्रशियाचे सैन्य ज्याने नव्याने घडवले, तो हा सेनानी. समारंभ अगदी साधा होता. पुष्कळांच्या अंगावर गणवेशही नव्हता. त्या साधेपणामागे पाच वर्षांचा विचार होता. कर्नल आणि त्यावरच्या पदांसाठी जे जुने अधिकारी पुढे आले, त्यांचा पूर्वेतिहास तपासण्यासाठी स्वतंत्र समिती नेमली गेली आणि तिने काहींना घरी पाठवले. बाउडिसिन नावाच्या एका अधिकाऱ्याने आग्रह धरला की सैनिक हा आधी नागरिक, त्याच्या अंगावर गणवेश आहे एवढेच. हुकूम माणुसकीला काळिमा लावणारा असेल तर तो पाळण्याचे बंधन नाही, हे 1956 च्या सैनिकविषयक कायद्यात लिहिले गेले. शांततेच्या काळात सैन्याची सूत्रे सेनापतीकडे न देता मुलकी मंत्र्याकडे दिली. सैनिकाला आपली तक्रार वरिष्ठांना टाळून थेट संसदेच्या प्रतिनिधीकडे नेता यावी, यासाठी राज्यघटनेत नवे पद निर्माण केले. आणि ज्याची सदसद्विवेकबुद्धी शस्त्र धरू देत नाही, त्याला नकार देण्याचा हक्क तर घटनेत आधीपासूनच होता.

हे सारे पहिल्या दिवसापासून नीट चालले असे नव्हे. अधिकारी कुरकुरत, बाउडिसिनची चेष्टा होई. पण 1919 नंतर जे घडले नव्हते ते आता घडले. सैन्य संसदेचे झाले. लोकांनी त्याच्याशी भांडण केले, त्याच्याविरुद्ध मोर्चे काढले, 1957 मध्ये अठरा नामवंत शास्त्रज्ञांनी जर्मन सैन्याला अण्वस्त्रे देण्याविरुद्ध निवेदन काढले. या भांडणांनीच ते सैन्य समाजाच्या नजरेखाली राहिले. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, तेव्हा सैन्याची संख्या 3 लाख 70 हजारांवर जाणार नाही असे त्या देशाने स्वतः मान्य केले. 1994 मध्ये घटना न्यायालयाने ठरवून दिले की परदेशी लढण्यासाठी सैन्य पाठवायचे तर संसदेची संमती हवी.

हे प्रकरण शिकवताना मला नेहमी आणखी एक तास लागे, तो 1857 चा. वरवर पाहता संबंध नाही. पण हरलेल्याच्या हाती शस्त्र देण्याचा आपल्या घरातला धडा तिथे आहे. 29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा कंपनीने पराभव केला. पुढच्या महिन्यातल्या तहाने शिंद्यांचे सैन्य नऊ हजारांवर आणले. त्यांत पायदळ तीन हजारांहून अधिक नको, तोफा बत्तीसच. मात्र त्याच वेळी ग्वाल्हेर कंटिंजंट नावाची दुसरी फौज वाढवण्यात आली. शिपाई हिंदुस्थानचे, अधिकारी इंग्रज, आणि खर्च शिंद्यांच्या मुलखाच्या उत्पन्नातून. देणाऱ्याच्या दृष्टीने याहून चोख व्यवस्था नाही. हरलेल्याच्या पैशाने हरलेल्यावर पहारा. 14 जून 1857 रोजी हीच कंटिंजंट मोरारच्या छावणीत उठली. नोव्हेंबरात तात्या टोप्यांच्या नेतृत्वाखाली तिने कानपुरात जनरल विंडहॅमला मागे रेटले. पुढच्या वर्षी 1 जूनला स्वतः जयाजीराव बंडवाल्यांवर चालून गेले, तेव्हा त्यांच्याही बहुतेक फौजेने लढायचे नाकारले आणि महाराजांना आग्र्याला जावे लागले.

आपण या घटनेकडे अभिमानाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण देणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर धडा सरळ आहे. कंटिंजंटची बंदूक कंपनीची नव्हती, कारण शिपायाचे मन कंपनीत नव्हते. ती शिंद्यांचीही नव्हती, कारण हुकूम त्यांचा नव्हता. धनी नसलेले हत्यार ज्याला आधी हाक मारता येते त्याच्याकडे जाते. व्हर्सायनंतरच्या जर्मन सैन्याचे तेच झाले. तिथे हाक मारणारा हिटलर निघाला, एवढाच फरक, आणि तो फरक जगाला फार महाग पडला.

हा धडा शिकवता शिकवता एके वर्षी मी वर्गातच थबकलो. बापूकाकांच्या हातातली बंदूक कुणाची होती? 1818 साली ज्यांचे राज्य गेले त्या मुलखातला हा पोरगा. जेत्याने त्याच्या हाती बंदूक दिली, पगार दिला, आणि सातासमुद्रापलीकडे, ज्याच्याशी त्याचे भांडण नव्हते अशा माणसावर झाडायला पाठवले. सांग्रोच्या काठी पलीकडे जो जर्मन पोरगा होता, त्याच्याही हातातली बंदूक त्याच्या लोकांच्या ताब्यातली नव्हती. दोघांनाही विचारले गेले नव्हते. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या बंदरात नाविकांनी उठाव केला, तेव्हा इंग्रजांना कळून चुकले की आपण दिलेल्या बंदुका आता आपल्या राहिल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्याच पलटणी, तेच बिगुल, तीच शिस्त स्वतंत्र देशाच्या झाल्या. हत्यार बदलले नाही. ते कुणाला जबाबदार आहे ते बदलले. बापूकाका त्याआधी चार वर्षे गेले.

आजीच्या प्रश्नाला आता मला एक उत्तर देता येईल असे वाटते. काढून घेतल्या नसत्या, तर परत देताना अटी घालता आल्या नसत्या. घेणे आणि देणे यांच्यामध्ये दहा वर्षे होती, आणि त्या दहा वर्षांत काय केले यावर सारे ठरले. एका देशाने राज्यघटना लिहिली, निवडणुका घेतल्या, शस्त्राला कुणाचा हुकूम चालेल हे आधी ठरवले आणि मग शस्त्र घेतले. 1919 नंतर हत्यारे कमी केली पण ती कुणाची हे ठरवले नाही. 1844 मध्ये ती आपलीच राहतील असे देणाऱ्याने गृहीत धरले. दोन्हींचा शेवट आपल्यापुढे आहे. 2003 मध्ये अमेरिकेने इराकचे सैन्य एका आदेशाने बरखास्त केले आणि बंदूक चालवणारी लाखो माणसे बिनपगारी, अपमानित अवस्थेत रस्त्यावर सोडली. काढून घेण्यातही हाच प्रश्न चुकवता येत नाही.

पण हे उत्तर अपुरे आहे, हे मला ठाऊक आहे. सत्य झाकून दिलेल्या शस्त्राची किंमत त्यात येत नाही. आणि जिचा मुलगा गेला तिला कुणी विचारले का, याचे उत्तर नाहीच. बॉन, पॅरिस, वॉशिंग्टन येथे सह्या झाल्या. बेळगावच्या कँपाजवळ जोंधळे निवडणाऱ्या बाईपर्यंत फक्त पाच ओळींची बातमी पोचली.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि तीन दिवसांनी जर्मन चान्सेलरांनी सैन्यासाठी शंभर अब्ज युरोंचा खास निधी जाहीर केला. या वेळी शेजाऱ्यांची तक्रार होती ती जर्मनी फार सावकाश चालते अशी. मे 2025 मध्ये लिथुआनियाच्या राजधानीत जर्मन ब्रिगेडचा समारंभ झाला. 1941 मध्ये जर्मन फौजा याच देशात घुसल्या होत्या आणि तिथल्या ज्यूंचा जवळजवळ संपूर्ण संहार झाला होता. त्या भूमीवर जर्मन सैनिक पुन्हा आले, ते त्या देशाने बोलावले म्हणून. हे वाचताना मला प्रथम आजीसारखाच धक्का बसला. मग लक्षात आले की ज्यांचे गेले होते, त्यांच्या देशाला या वेळी विचारले गेले होते आणि त्याने स्वतःच्या तोंडाने होकार दिला होता. तो होकार उद्याही योग्य ठरेल की नाही, हे बर्लिनच्या संसदेत कोण बसते यावर अवलंबून राहील. म्हणून हा हिशेब मिटला असे मी म्हणणार नाही.

माझा भाचा काही वर्षांपूर्वी इटलीला गेला होता, तेव्हा त्याने सांग्रोच्या स्मारकावरच्या काकांच्या नावाचे छायाचित्र आणले. ते मी आजीच्या तसबिरीशेजारी लावले आहे. कँपातला बिगुल अजूनही पहाटे ऐकू येतो. कुठल्या तरी हरलेल्या देशाला शस्त्रे देण्याची किंवा त्याच्याकडून ती काढून घेण्याची बातमी वर्तमानपत्रात आली की मी ती दोनदा वाचतो. पहिल्यांदा आकड्यांसाठी, आणि दुसऱ्यांदा आजीसाठी, सावकाश, मोठ्याने.